नऊ नंबरच्या खोलीतली पकड

तो माझा धाकटा भाऊ. सख्खा, माझ्या पाठचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की तुला रे एवढं सगळं कसं माहीत. माझं शिक्षण सातवीपर्यंत. टायरच्या दुकानात दिवसभर हात काळे करतो. पण माणूस ओळखायला मला पुस्तक लागत नाही, आणि माझ्या धाकट्यासारखा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आधी त्याच्या लाथेचं सांगतो. गोदामाच्या वरच्या मजल्यावर एक हॉल आहे, तिथे संध्याकाळी किकबॉक्सिंग चालतं. त्याची उजवी लाथ तिथल्या बॅगेवर बसली की खाली पोती मोजणारा माणूस मोजायचं विसरून वर बघायचा. सात वर्षं त्या हॉलमध्ये त्याच्यासमोर दोन मिनिटांच्या वर कुणी टिकलं नाही. त्याला तिथे पहिल्यांदा मीच बोट धरून नेला होता. लाथ त्याची असेल, पण मूळ माझं.

पोटासाठी तो म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात वॉर्डबॉय होता. वय एकतीस, तरी बॉय. सकाळी सहा ते दुपारी दोन. चादरी बदलायच्या, अंग पुसायचं, कुशीवर वळवायचं, भरवायचं. शंभर किलोचा माणूस तो असा वळवायचा की त्याची झोपही मोडायची नाही. मऊ हात. त्याच हातांनी संध्याकाळी समोरच्याचं नाक सुजवायचा.

तर एका संध्याकाळी हॉलमध्ये एक हमाल आला. सोफे, कपाटं जिन्यावरून चढवणारा. मान नव्हतीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. तरुणपणी कुस्ती केलेली. धाकट्याने लाथ उचलली, तेवढ्यात हमाल खाली वाकून आत शिरला, दोन्ही पाय कवळले आणि धाकटा पाठीवर. वर हमाल बसला, आरामात, स्टुलावर बसावं तसा. धाकटा खालून गुद्दे मारतोय, एकालाही जोर नाही, कारण जोर येतो पायांतून आणि पाय लोंबकळतायत. मग तो उठायला म्हणून पालथा झाला. हमालाने मागून गळ्यात हात घातला आणि कानात म्हणाला, "बस? की अजून?"

हॉलचे सर हसून म्हणाले, "उभा असलास की वाघ. आडवा झालास की सतरंजी."

माझ्या भावाला सतरंजी! मी तिथे असतो तर सरांना दाखवलं असतं. पण धाकट्याने हातमोजे काढून पिशवीत टाकले. घरी येऊन म्हणाला, "दादा, खरं आहे. मला कुणी धरलं की मी संपतो."

त्याच आठवड्यात त्याची ड्यूटी नऊ नंबरच्या खोलीत लागली.

त्या खोलीत एकच म्हातारा. दोन वर्षांपासून पडून. त्याच्या कागदावर लिहिलेलं होतं, चालत नाही, बोलत नाही, ओळखत नाही. भेटायला कुणी येत नव्हतं. कान मात्र चुरगळून फेकलेल्या कागदासारखे, आणि हाताचे पंजे बाकीच्या शरीराला न शोभणारे, एवढे मोठे. बाकी शरीर वाळून गेलेलं आणि पंजे राहिलेले. सिस्टर लोक त्याला खेकडा म्हणायचे. जवळ गेलं की धरतो म्हणून. एकटी सिस्टर त्या खोलीत जात नव्हती.

"आजोबा, चादर बदलू या हं," असं म्हणत धाकटा वाकला, तर मनगट पकडलं गेलं.

त्याने झटका दिला. गुद्दा मारणाऱ्याचं अंगच तसं तयार झालेलं असतं, हात गेला की परत ओढायचा. त्याने ओढला, आणि पंजा मनगटावरून कोपरावर आला. अजून ओढला, तर खांद्यावर. तो मागे सरकला, तेव्हा त्याचं डोकं म्हाताऱ्याच्या काखेत होतं आणि मानेवर म्हाताऱ्याच्या मनगटाच्या हाडाची पट्टी बसलेली. आणि म्हाताऱ्याचे डोळे? ते छताकडे. हात जे करत होते ते डोळ्यांच्या गावीही नव्हतं. श्वास संथ. राग नाही, जोर नाही. विहिरीत सोडलेली दोरी जशी आपल्याच वजनाने आवळत जाते तसं ते चाललं होतं.

धाकटा दमला. ओढायचं सोडून त्याने कपाळ म्हाताऱ्याच्या छातीवर टेकलं आणि रडणाऱ्या पोराला थोपटावं तसं बरगडीवर दोनदा थोपटलं.

हात उघडले. बटण दाबल्यासारखे. आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना जाऊन पडले.

संध्याकाळी त्याने हमालाला विचारलं. हमाल शिळोप्याच्या गप्पा मारत होता, तो एकदम सावरून बसला. "दोन टपल्या म्हणजे मान्य, सोड. कुठल्याही मॅटवर जा, सरावात दोन टपल्या पडल्या की सोडायचंच. ज्याला हे अंगात भिनलंय तो झोपेतही सोडेल."

"त्याला स्वतःचं नाव माहीत नाही," धाकटा म्हणाला.

"नाव डोक्यात असतं. हे डोक्यात नसतं."

दुसऱ्या दिवसापासून माझा भाऊ शिकायला लागला. मुद्दाम हात द्यायचा. मी रोज दुपारी जेवायला घरी आलो की मला तो खोलीच्या मधोमध उभा राहून करून दाखवायचा, आणि त्याची वहिनी स्टोव्हकडून ओरडायची, "अहो, दोघंही जरा त्या मांडणीपासून लांब! माझे डबे पडतील!"

पहिलं जे कळलं ते हे, की ओढायचं नाही. धरलं की लांब पळायचं हे गुद्दे मारणाऱ्याच्या रक्तात असतं आणि तिथेच तो मरतो. उलट आत जायचं, एवढं जवळ की धरणाऱ्याला आवळायला जागाच उरू नये. दुसऱ्या दिवशी आजोबांचा पंजा मानेवर आला. तेव्हा कळलं की हनुवटी छातीला आणि कोपर बरगडीला चिकटलेलं हवं. मग काखेखालून हात घालणं आलं. ज्याचा हात समोरच्याच्या काखेखाली, तो मालक, ज्याचा वर, तो भाडेकरू. मग कंबर. खाली अडकलास तर वरच्याला ढकलायचं नाही, तो हलत नाही. आपण हलायचं. आपला हात त्याच्या कमरेच्या हाडावर टेकून ठेवायचा, दाराला अडसर लावतात तसा, आणि आपली कंबर बाजूला सरकवायची. एक वीत. मग अजून एक. त्या फटीतून गुडघा आत.

आणि ही पकड रोज नवी असायची. हे धाकट्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. आज एक डाव सुटायला शिकला की उद्या तो डाव यायचाच नाही. पुढचा यायचा. न सुटला तर तोच परत. कुणीतरी ओळीने धडे देत असल्यासारखं. आणि डोळे छताकडे.

एकदा सिस्टर म्हणाली, "तुला एक सांगू? तू यायच्या आधी त्याचे हात चालू होतात."

"म्हणजे?"

"उघडझाप. पंजे. दार बंद असतं, तू अजून खाली जिन्यावर असतोस. मी घड्याळ लावून बघितलंय. मी येते, डॉक्टर येतात, तेव्हा नाही. फक्त तू. मला बाबा त्या खोलीत सुई टोचायला कुणी पाठवू नये."

तो हसला. पण दुसऱ्या दिवशी जिना चढताना त्याने चप्पल हातात घेतली. अनवाणी, श्वास धरून वर गेला, चालता चालताच दाराच्या काचेतून बघितलं. पंजे चालू होते. उघड, मीट. उघड, मीट. त्याच्या पावलांच्या ठेक्यात. तो थांबला तसे ते थांबले.

घरची गोष्टही सांगतो, म्हणजे मला खोटं पाडायला नको. एका दुपारी तो जेवून आडवा झाला होता. मी उशीखालची किल्ली घ्यायला हात घातला, तर मनगट पकडलं गेलं. मी पन्नास किलोचा ट्रकचा टायर एका हाताने फिरवतो, माझं मनगट कुणी धरून ठेवलं असं आजवर झालं नाही. मी ओढलं, तो पंजा कोपरावर. "ए, सोड," म्हटलं. धाकट्याचे डोळे उघडे होते. छताकडे. मी त्याला हाक मारली, नावाने, शिवीने, सगळ्याने. तोंडावर रेघ हलली नाही. शेवटी त्याची वहिनी आली, तिने पदराला हात पुसले आणि त्याच्या दंडावर दोन टपल्या मारल्या. हात उघडला. त्याने कूस बदलली आणि घोरायला लागला.

"भावोजी त्या म्हाताऱ्याकडून काहीतरी घेऊन आलेत," ती म्हणाली. "जे शिकवणाऱ्याकडे असतं ते सगळंच येतं. निवडून घेता येत नाही."

मी हसण्यावारी नेलं. त्या दिवसापासून उशीखाली किल्ली ठेवायची मात्र बंद केली.

हॉलमध्ये हमाल पुन्हा आत शिरला तेव्हा धाकट्याने कंबर मागे फेकली, पाय लांब टाकले, छातीचं सगळं वजन हमालाच्या पाठीवर सोडलं, आणि हमाल नाकावर. सरांनी शिट्टी वाजवायला तोंडात घातली ती तशीच राहिली. हा माझा भाऊ. सहा आठवड्यांत. सतरंजी म्हणे!

आणि मग ती सिस्टर त्या पंजांच्या तावडीत सापडली. नाइलाजाने औषध द्यायला एकटी गेली होती. म्हाताऱ्याने धरलं, तिने जिवाच्या आकांताने ओढलं, मनगट मुरगळलं. किंचाळी खालच्या मजल्यापर्यंत गेली.

मेट्रनबाईंनी धाकट्याला ऑफिसात बोलावलं. टेबलावर कातड्याचे दोन पट्टे होते, बकलवाले. "उद्यापासून नऊ नंबर बांधायचा. दोन्ही हात."

धाकट्याला ते पट्टे माहीत होते. त्या इमारतीत बांधलेला माणूस दोन महिने काढतो. त्याने सात जण बघितले होते. हात बांधले की आधी खाणं जातं, मग कूस बदलणं, मग माणूस. आणि या म्हाताऱ्याकडे हातांशिवाय होतं काय? जिवंत असं जे काही होतं ते त्या दोन पंजांतच होतं.

"बाई, ते मारत नाहीत. धरतात फक्त. ओढलं नाही आणि दोनदा थोपटलं की सोडतात. मी सगळ्यांना शिकवतो."

"हे हॉस्पिटल आहे, तालीम नाही."

"एकदा बघा तरी. तुम्ही आणि डॉक्टर. उद्या दहाला. नाही पटलं तर मी स्वतः पट्टे बांधतो."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "शब्द देतोयस?"

"दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा. खिडकीतून चांगलं लख्ख ऊन. पलंगाच्या पायाशी मेट्रनबाई, दाराशी डॉक्टर, त्यांच्या मागे हात गळ्यात बांधलेली सिस्टर. धाकट्याने मनगट दिलं. पकडलं गेलं. तो आत सरकला, दोनदा थोपटलं, हात उघडले. पुन्हा केलं. काखेतली पकड, तीही सुटली. सिस्टर "अगं बाई" म्हणाली. मेट्रनबाईंच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरत होत्या. त्याने मला सांगितलं, "दादा, मला वाटलं जिंकलो."

तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "पण पेशंटला यात त्रास होत नाही कशावरून?"

आणि माझा भाऊ, उत्तर द्यायला म्हणून, वळला. मोठ्या माणसाने विचारलं की त्याच्याकडे तोंड करून बोलावं, ही आमच्या आईची शिकवण. किकबॉक्सिंगमध्ये चुकून पाठ दाखवली तर काय होतं? घंटा वाजते, परत सुरू करा म्हणतात. पकडणाऱ्यासमोर घंटा नसते. त्याने पलंगाकडे पाठ केली, आणि तो काठावर टेकलेला होता.

मागून हात आला. गळ्याखालून कोपराचं टोक सरळ पुढे, दुसरा पंजा डोक्यामागे. हनुवटी खाली घ्यायला अर्धा क्षण हवा होता, तो मिळाला नाही. तो घाबरला नाही. त्याला माहीत होतं काय करायचं. हात खाली नेला आणि दोनदा थोपटलं.

पण हात पडला गादीवर. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून म्हाताऱ्यांना हवेची गादी देतात, सारखी फुगत-बसत असते. त्या हवेत टपल्या बुडाल्या. अंगाला कळल्याच नाहीत. त्याने परत मारल्या, परत गादीवरच.

आधी आवाज गेला, म्हणतो. मेट्रनबाईंचं तोंड हलतंय आणि आवाज नाही. मग कडेने अंधार यायला लागला, भर उन्हात. दुखत नव्हतं. उलट इतकं निवांत वाटत होतं की त्याचीच भीती वाटली. त्याच्या श्वासाला म्हाताऱ्याच्या श्वासाचा ठेका लागला. दोन्ही संथ. मग एकच.

डोळे उघडले तेव्हा छत दिसलं. तो जमिनीवर होता, पाठीवर, आणि दोन्ही पाय वर कुणीतरी धरलेले. घोट्यांना घट्ट, ऊबदार पंजे. हळूहळू हलवत होते. रक्त डोक्याकडे उतरावं म्हणून जुने मल्ल करतात तसं. त्याला वाटलं डॉक्टर. पण डॉक्टर भिंतीला पाठ लावून उभे होते. मेट्रनबाईंचा हात तोंडावर. सिस्टर दारात नव्हतीच.

पाय धरून म्हातारा उभा होता.

दोन वर्षांत ज्याने जमीन शिवली नाही तो, अनवाणी, गुडघे किंचित वाकवून, मॅटवर उभं राहावं तसा. तो पलंगावरून कसा उतरला ते तिघांनी बघितलं आणि तिघांपैकी एकालाही नंतर सांगता आलं नाही. आणि त्याचे डोळे छताकडे नव्हते. ते धाकट्याच्या तोंडावर होते.

"पाठ द्यायची नाही," म्हातारा म्हणाला.

आवाज गंजलेल्या दारासारखा. मग त्याने पाय हळूच खाली ठेवले, एकेक करून, पलंगाकडे गेला, आडवा झाला. डोळे पुन्हा छताकडे गेले. डॉक्टरांनी टॉर्च मारला, गुडघ्यावर हातोडी मारली, हाक मारली. काही नाही. ते पाय परत काठ्या झाले होते.

मेट्रनबाईंना सावरायला पाच मिनिटं लागली. मग त्या म्हणाल्या, "तू मेला असतास. माझ्यासमोर."

"बाई, चूक माझी होती. थोपटायचं त्यांच्या अंगावर असतं, मी गादीवर..."

"शब्द दिला होतास."

दिला होता. आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द. पण पट्टा मनगटाभोवती घेतला आणि बकल काही त्याला लावता येईना. शेवटी बाईंनी स्वतः बांधले. दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्यांना, एक बोट जाईल एवढीच जागा ठेवून. म्हाताऱ्याने काहीच केलं नाही. हात दिले, मापाला द्यावेत तसे.

घरी आला तो जेवला नाही. मानेवर लाल पट्टा उठला होता. मी म्हटलं, "मी येतो. ते पट्टे तोडून बाईच्या टेबलावर फेकतो. बघू कोण अडवतं."

"दादा, बस खाली," तो म्हणाला. "तोडायचं नसतं. ओढायचं नसतं."

"मग काय करायचं?"

"तेच कळत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो जिना चढला. वर पोचला तर मेट्रनबाई नऊ नंबरच्या दारात उभ्या. त्या कधी आठच्या आधी येत नाहीत. रात्री झोप नसावी. आत पाऊल टाकलं नव्हतं.

म्हातारा कुशीवर झोपला होता. एक हात गालाखाली, दुसरा गुडघ्यांमध्ये, लहान मूल झोपतं तसा. पलंगाच्या दोन्ही कठड्यांना पट्टे लटकत होते. बकलं लावलेली. ज्या भोकात लावली त्याच भोकात. कातड्याला ओरखडा नाही, मनगटाला वळ नाही. नुसत्या दोन गोल कड्या, रिकाम्या, हवेत.

"मी बांधले होते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी. माझ्या हाताने."

"हो बाई."

"रात्री सिस्टरने तीनदा बघितलं. तीनदा हात आत होते."

धाकट्याने बकलं उघडली. दुसरीकडून सोडवायला वाटच नव्हती. पट्टे गुंडाळून त्याने बाईंपुढे धरले. त्यांनी ते ऍप्रनच्या खिशात घातले आणि खिशावर हात दाबून धरला, आतलं काही बाहेर येईल की काय असा. पुन्हा ते पट्टे त्या मजल्यावर कुणाला दिसले नाहीत. पलंगावर पंजे उघडायला लागले होते. उघड, मीट.

बाई तिथेच उभ्या होत्या. मग त्यांनी हातातलं घड्याळ काढलं, बांगडी काढली, दोन्ही दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवली.

"चादर बदलायची आहे ना त्यांची?" त्या म्हणाल्या. "मी धरते एक बाजू. आधी मान कशी सांभाळायची ते सांग."